‘गिफ्ट’: देणे आणि विष

इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट; जर्मनमध्ये तोच शब्द विषाचा वाचक. डचने ‘गिफ्ट’ देणगीसाठी राखला आणि विषासाठी ‘गिफ’ हे रूप वेगळे काढले. स्वीडिशमध्ये तर तो विषही सुचवतो आणि ‘विवाहित’ असेही!

मुळात धातू ‘देणे’ या अर्थाचा. मग त्यात विष कोठून आले? मार्सेल मोस यांनी १९२४ मध्ये या एका शब्दावर छोटा लेख लिहिला. भेट घेणाऱ्याला बांधून टाकते, म्हणून जर्मानिक समाजात ती धोक्याची मानली जाई, हे त्यांचे प्रतिपादन. व्युत्पत्तिकारांचे उत्तर रूक्ष आहे: ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणे, पुढे औषधाची मात्रा, लॅटिनमार्गे आलेल्या त्या शब्दाचे ‘गिफ्ट’ हे भाषांतर. (मराठीत उपदेशाचे जे डोस पाजले जातात, त्यांचे नाते ‘दान’ शब्दातील ‘दा’ धातूशीच आहे.) रोजच्या वस्तूला लोक पंडिती नाव का देतील, हा मोस यांचा आक्षेप. तो दुबळा वाटतो. वैद्यांचे शब्द लोकांच्या तोंडी सहज उतरतात. ‘भेट’ हा अर्थ जर्मनमध्ये निषिद्ध का ठरला, हा त्यांचा दुसरा प्रश्न मात्र जड आहे. देरिदांनी ‘फार्माकॉन’च्या विवेचनात मोस यांची ती टीप उद्धृत केली, आणि द्व्यर्थता हा शब्दाचा स्वभावच असल्यासारखी चर्चा पुढे होत राहिली. एका भाषांतराचा इतिहास तिच्यात हरवला.

जर्मनने तो जुना अर्थ पुरता टाकलेलाही नाही. ‘मिटगिफ्ट’ या सामासिक शब्दात तो शिल्लक आहे. त्याचा अर्थ हुंडा.