थांबविण्याचा अधिकार

वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर सुट्या भागांच्या प्रेस शॉपचा जो पसारा वाढला, त्यात विद्युत्-पॅनेलांची उभारणी व दुरुस्ती करीत ज्याचे आयुष्य गेले, अशा माझ्यासारख्या कारागिराला पुशबटण ही वस्तू कधीच क्षुद्र वाटत नाही. कारण 100 टनी प्रेसला हुकूम जातो तो 22.5 मिलिमीटरच्या भोकात बसणाऱ्या याच बटणावरून.

त्याच्या पोटात दोन स्थिर टोके, त्यांवर टेकणारी चांदीमिश्रित संपर्कांची सरकती पट्टी आणि तिला पूर्वस्थितीस नेणारी स्प्रिंग, एवढाच ऐवज असतो. दाबल्यावर जोडते ते एनओ, दाबल्यावर तोडते ते एनसी. हिरवे स्टार्ट एनओ असते व चुकून धक्का लागू नये म्हणून कड्याच्या आत बसवितात. तांबडे स्टॉप एनसी असते व तळहाताला चटकन सापडावे म्हणून बाहेर काढलेले असते. या तजविजीत मोठा विवेक आहे: स्टॉपची तार उंदराने कुरतडली किंवा स्क्रू ढिला होऊन सुटली, तरी यंत्र थांबते.

स्टार्टवरचे बोट उचलल्यावरही मोटर फिरत राहते, ती त्याला समांतर जोडलेल्या, कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत्-चुंबकी स्विचच्या) सहायक संपर्कामुळे. वीज गेली की ही पकड सुटते. म्हणूनच वीज परतल्यावर, पट्टा साफ करणाऱ्याच्या हातावर यंत्र अवचित सुरू होत नाही. दाबल्यावर अडकून राहणारे बटण दिव्याला चालेल. मोटरचा सारा कारभार त्याच्यावर सोपविणे घातक.

यंत्र तातडीने थांबविण्याची इमर्जन्सी बटणे मात्र मुद्दाम अडकणारीच घेतात. पिवळ्या पार्श्वभूमीवरचे ते तांबडे, भूछत्राकार बटण किंचित चिकटलेले संपर्कही यांत्रिक बळाने विलग करते, आणि कोणी जाणीवपूर्वक सोडवीपर्यंत पुन्हा सुरू करण्यास परवानगी देत नाही.

प्रेसवर दोन हातांसाठी दोन बटणे असतात, ती साचा उतरताना दोन्ही हात त्याच्यापासून दूर राहावेत म्हणून. उत्पादन वाढविण्याच्या घाईत त्यांतले एक चिकटपट्टीने बांधून ठेवलेले मी पाहिले आहे, आणि तसे करणाऱ्याला त्या क्षणी आपल्या सोबत्याची बोटे दिसत नव्हती, याचे मला आजही दुःख होते. उत्तम मांडणीत दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात, आणि दोन्ही सोडल्याखेरीज पुढचा फटका मिळत नाही. तीच मांडणी मालकाने आग्रहाने मागावी.

पाळीच्या आरंभी यंत्र रिकामे चालवून प्रथम इमर्जन्सी दाबून पाहा. जे यंत्र खात्रीने थांबत नाही, ते चालविण्याच्या लायकीचे नाही.