तेजोमेघाच्या पोटातली जोडी

पावसाळा सरला की चिखलदऱ्याच्या पठारावर दुर्बीण लावून नवख्यांना आधी दाखवावं ते अभिजितजवळचं कंकण, एम ५७. बघणारा हरखतोच. माझा जीव मात्र शर या चिमुकल्या तारकासमूहातल्या एबेल ६३ मध्ये अडकलाय. कॅमेऱ्यातही हा तेजोमेघ जेमतेम धुरकट डागासारखा उमटतो. त्याच्या मधोमध पंधराव्या प्रतीच्या आसपासचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्यात दोन तारे आहेत आणि ते ११ तास १० मिनिटांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात.

एवढे जवळ ते आले कसे? मोठा तारा उतारवयात फुगला आणि त्यानं जोडीदाराला आपल्या वायूत ओढलं. जोडीदार आत फिरत राहिला, दोघांतलं अंतर घटत गेलं आणि त्या धुमश्चक्रीत सगळं आवरण बाहेर फेकलं गेलं. पाचिन्स्की यांनी १९७६ साली ही कल्पना मांडली. त्याच सुमारास हॉवर्ड बॉण्ड यांनी एबेल ६३ मधली ही जोडी ओळखली. पुढे २००७ मध्ये दिसून आलं, की नळीसारख्या या तेजोमेघाचा अक्ष जोडीच्या कक्षेला काटकोनात आहे. तेजोमेघांना आकार जोडतारे देतात, याचा इतका सरळ पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

कक्षा आपल्याला कडेनं दिसते, म्हणून इथं ग्रहणं लागतात. मी दर दोन मिनिटांनी एक फोटो घेतो आणि त्याच चौकटीतल्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी याचं तेज ताडून पाहतो. ढगाचा पातळ पदर आला तर दोघेही मंदावतात. ग्रहणात हा एकटाच विझत जातो. दोन फेऱ्या २२ तास २० मिनिटांत होतात, त्यामुळे काल रात्री दहाला लागलेलं ग्रहण आज सव्वाआठनंतर लगेच गाठावं लागतं. अकोल्यात गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडतो आणि तारे थरथरतात, मोजणी बिघडते. मेळघाटात ती नीट जमते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंधार पडतापडता हा तारा आपल्या वऱ्हाडात जवळजवळ डोक्यावर असतो. अमरावती-अकोल्यात ज्यांच्याकडे कॅमेरा जोडता येईल अशी दुर्बीण आहे, त्यांनी चार रात्री त्याला द्याव्यात. रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी सांभाळणारी एएव्हीएसओ ही संस्था हौशी निरीक्षकांची मोजमापंही घेते.