कान्होबाचा वाटा

चि. बाळास,


फोनवर तू 'हो', 'बरं', 'बघू' यापलीकडे जात नाहीस, म्हणून लिहायला बसले.

परवा देहूला गेले होते. इंद्रायणीकाठी बसल्यावर तुकोबांच्या कर्जखतांची गोष्ट आठवली. दुष्काळात घर पार बसलेलं, आणि तुकोबा सावकारीची खतं नदीत बुडवायला निघालेले. धाकट्या भावाने, कान्होबाने अडवलं : तुम्ही विरक्त झालात, मला संसार आहे. तुकोबांनी निम्मी खतं त्याच्या हातात ठेवली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडवली. पुढे उभ्या महाराष्ट्राला खडसावणाऱ्या माणसाने धाकट्या भावाला 'तूही बुडव' म्हणून गळ घातली नाही. लहानपणापासून ही गोष्ट तुकोबांच्या वैराग्याची म्हणून ऐकली. या वेळी मला कान्होबाच्या हातातला गठ्ठाच दिसत राहिला.

तुझा गठ्ठा मी तुझ्या हातात राहू दिला नाही.

'भाऊ काय करतो?' असं सासरी कोणी विचारलं की 'गॅरेज आहे' म्हणताना माझा आवाज खाली जायचा. 'एमपीएससी करतोय' म्हटलं की समोरचा मान डोलवायचा. त्या डोलणाऱ्या मानेसाठी मी तुला पुण्यात आणलं. पेरूगेटजवळ कॉट बेसिसवर जागा मीच बघितली, अभ्यासिकेची फी मीच भरली, आणि 'भावासाठी किती करते हो' हे कौतुकही मीच खाल्लं. चार वर्षं. एकदा पूर्वपरीक्षा निघाली, तेव्हा पेढे वाटले तेही मी. तू खोलीत झोपून होतास. मोठी बहीण म्हणजे अर्धी आई, असं आपल्याकडे म्हणतात. उरलेली अर्धी कोण असते, ते कोणी सांगत नाही.

मधल्या काळात बाबांचा गॅरेजचा गाळा सुटला. पाने, कॉम्प्रेसर, सगळं भंगाराच्या भावात गेलं. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारा तू आता दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर आहेस. पैशांचं नुकसान कधीतरी भरून काढू. पण मागच्या भाऊबीजेचं काय करू? पाटावर बसलास तेव्हा नखं रॉकेलने घासून लाल झाली होती. मी सुपारी पुढे केली, तर मुठी उघडायला तुला वेळ लागला. 'कामाचं कसं चाललंय?' विचारलं, तर म्हणालास, 'सध्या असंच, ताई.' गॅरेजबद्दल तू आधी असं कधी बोलला नव्हतास. ती लाज तुझी नव्हती रे. माझ्या घरातून तुझ्याकडे आली.

तुझ्या भल्यासाठी केलं, हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. खरं नाही ते. तू नापास झालास तेव्हा मला पहिला विचार आला तो लोकांना काय सांगायचं याचा.

तुकोबा गेल्यावर कान्होबाने रचलेले अभंग गाथेत आहेत. विठ्ठलाशी भांडून तो भाऊ परत मागतो. तू माझ्याशी साधं भांडतही नाहीस. एकदा ये आणि भांड.

तुझी पुस्तकं, नोट्सची तीन खोकी अजून आमच्या माळ्यावर आहेत. रद्दीवाला रविवारी येतो. देऊन टाकू का, ते तू सांग. या वेळी मी ठरवणार नाही.

तुझी,
ताई