छप्पर आहे, पत नाही

पनवेलच्या गावठाणात ज्याच्या छपरावर दिवसभर ऊन आहे त्याला सौरवीज परवडत नाही, आणि टॉवरमधल्या ज्याला ती सहज परवडेल त्याच्या मालकीची गच्ची नाही, हे मला अजून खटकतं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान, वर बिनतारण स्वस्त कर्ज, कागदावर झकास. पण अनुदान खात्यात पडतं ते पॅनल चढून, नेट मीटर बसून, तपासणी झाल्यावर. तोवर दीड-दोन लाख आणायचे कुठून? कर्ज म्हटलं की वीजबिल अर्जदाराच्याच नावावर लागतं, छतावरचा हक्क दाखवावा लागतो. गावठाणातली कितीतरी बिलं अजून आजोबांच्या नावाने येतात. आजोबा जाऊन वर्षं लोटली, चुलते-आत्या वारस, त्यातला एक बोलत नाही, मिळकत पत्रिकेचा पत्ता नाही. बिल मात्र दर महिन्याला वेळेवर भरलं जातं. जनधनने २०१४ पासून खाती उघडून दिली, मान्य. पण खातं आहे म्हणून कर्ज मिळतं, असं थोडंच आहे?

मग बँकांनी डोळे मिटून पैसे वाटावेत काय? निदान पनवेलकर तरी असं म्हणणार नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. ठेवीदारांचे हाल इथे सगळ्यांना ठाऊक आहेत. तरी वर्षानुवर्षं न थकलेलं वीजबिल हाही पत असल्याचाच पुरावा, आणि वाचलेल्या बिलातून हप्त्याचा बराच भाग सुटतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असेल तर दर आधीच कमी. वाचणार ते किती? त्यात आपला पाऊस चार महिने उत्पादन खाली आणतो. अशा घराच्या गळ्यात कर्ज बांधणं मलाच पटत नाही. तिथे राज्याच्या सौरविजेच्या ‘स्मार्ट’ योजनेसारखं जादा अनुदानच हवं. अडतो तो दोन-अडीचशे युनिटवाला, फ्रिज आणि पंप चालवणारा. त्याने बँकेची वाट न बघता महावितरणकडे नावबदलाचा अर्ज टाकावा. वारसांच्या ना-हरकतीच्या सह्या गणपतीत घ्याव्यात. न बोलणारा चुलताही तेव्हा आरतीला येतो.