'शी' म्हणजे कविता

कोरियन भाषेत कवितेला 'शी' म्हणतात. ली चांग-दोंग या दिग्दर्शकाच्या २०१० सालच्या चित्रपटाचं नावच 'शी'. इंग्रजीत तो 'पोएट्री' या नावाने जगभर गेला आणि त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. हे नाव कळलं तेव्हा मला हसूच आलं. आपण नाक मुरडून 'शी!' म्हणतो ना, तेच कानात वाजलं. चित्रपट संपला तेव्हा मात्र वाटलं, आपल्या मराठी कानाला जे ऐकू आलं तेही त्यात आहेच. घाण आणि कविता, दोन्ही एकाच घरात.

मिजा ही सहासष्ट वर्षांची बाई नातवाला घेऊन एका छोट्या शहरात राहते. मुलगी दूर नोकरीला. अर्धांगवायू झालेल्या एका म्हाताऱ्याला आंघोळ घालायची, त्याचं घर आवरायचं, यावर तिचं पोट. पण बाहेर निघताना फुलाफुलांचे कपडे, गळ्यात स्कार्फ, डोक्यावर पांढरी हॅट. ही बाई एके दिवशी कवितेच्या वर्गात नाव घालते. महिनाभराचा वर्ग, आणि शेवटी प्रत्येकाने एक तरी कविता लिहायची अशी अट. शिकवणारा कवी हातात सफरचंद धरतो आणि म्हणतो की तुम्ही आजवर सफरचंद खरं पाहिलेलंच नाही. (हे काम किम योंग-थेक या खऱ्या कवीनेच केलं आहे.) मिजा घरी येते आणि सफरचंद उलटसुलट करून बघत बसते. काही सुचत नाही. मग ती ते खाऊन टाकते!

इथे मला माझी आत्या आठवली. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात ती प्राथमिक शाळेत बाई होती. निवृत्त झाल्यावर तिने कविता लिहायला घेतल्या. रेघांची वही, निळं पेन, आणि कुठे कविसंमेलन असलं की अंबाड्यात आबोलीचा वळेसर. आम्हां भाचरांना ती मोठीच गंमत वाटायची. एकदा चतुर्थीला सगळे जमले होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, "आत्या, ह्या वयात कोणावर गो कविता?" सगळे हसले. तीही हसली. मग वही मिटून आत गेली. त्यानंतर आमच्यासमोर तिने कधी कविता वाचली नाही.

असो. चित्रपटाकडे वळतो.

मिजाला शब्द आठवेनासे होतात. अल्झायमरची सुरुवात आहे. डॉक्टर सांगते, आधी नामं जातात, मग क्रियापदं. मराठी शाळेत व्याकरण घोकलेल्या माणसाच्या अंगावर काटा यावा असं ते वाक्य. म्हणजे एका बाजूने कविता येत नाही आणि दुसऱ्या बाजूने शब्द निघून चालले आहेत.

आणि त्याच सुमाराला तिला कळतं की तिच्या नातवाने आणि त्याच्या पाच मित्रांनी शाळेतल्या एका मुलीवर कित्येक महिने अत्याचार केले. त्या मुलीने पुलावरून नदीत उडी घेतली. पहिल्याच दृश्यात नदीतून वाहत येतो तो तिचाच देह. मुलीचं ख्रिस्ती नाव आग्नेस. आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यावर हाक मारली तर 'ओ' मिळेल असं नाव.

मुलांचे बाप एका हॉटेलात जमतात. जेवताजेवता हिशेब होतो. तीन कोटी वॉन, म्हणजे घरटी पन्नास लाख, मुलीच्या आईला द्यायचे आणि प्रकरण मिटवायचं. त्यांच्यात कोणी राक्षस नाही. सगळे सभ्य, काळजीवाहू बाप आहेत, आणि अंगावर येतं ते हेच. मिजा मधेच उठून बाहेर जाते आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारखी तांबडी फुलं बघत वहीत काहीतरी टिपते. आत बसलेल्यांना वाटतं, म्हातारी जरा चळलेली दिसते.

माझ्या मते चित्रपटाचं मर्म इथे आहे. ज्यांची स्मरणशक्ती धडधाकट आहे ते सगळे मिळून एका मुलीला विसरायचं ठरवतात. आणि जिला विसरण्याचा आजार जडला आहे ती एकटीच तिला आठवत राहते. ती चर्चमधल्या मिसेला जाते, तिथून आग्नेसचा फोटो गुपचूप उचलून आणते, नातवासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवते. मुलगी जिथून पडली त्या पुलावर जाते. नदीकाठी वही उघडून बसते, तर कोऱ्या पानावर शब्दांऐवजी पावसाचे थेंब पडतात.

म्हातारपणीच्या ओढीवर चित्रपट पुष्कळ निघतात. बहुतेकांत ती ओढ गेलेलं तारुण्य परत मिळवण्याची असते. इथेही तो अर्धांगवायूचा म्हातारा आहे. त्याला मरण्याआधी एकदा पुन्हा पुरुष व्हायचं आहे. मिजा आधी संतापते, मग एके दिवशी त्याची इच्छा पुरी करते. पुढे त्याच्याकडूनच पन्नास लाख मागून घेते. दिग्दर्शक या प्रसंगाला चांगलं म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. मिजाची स्वतःची ओढ मात्र वेगळी आहे. तिला तरुण व्हायचं नाही. जिला म्हातारं होताच आलं नाही, त्या मुलीच्या डोळ्यांनी तिला एकदा बघायचं आहे.

पैसे भरले, प्रकरण मिटलं. तरीही एका संध्याकाळी ती नातवाला आंघोळ करायला लावते, त्याच्या पायाची नखं काढून देते, आणि रात्री पोलीस येऊन त्याला घेऊन जातात. तक्रार कोणी केली हे चित्रपट सांगत नाही. वर्गाच्या शेवटच्या दिवशी कविता लिहून झालेली असते ती एकट्या मिजाची. तिथे तिची फुलं आहेत, कविता आहे, ती नाही. कविता आग्नेसची आहे. वाचायला सुरुवात करतो मिजाचा आवाज आणि संपवतो त्या मुलीचा.

मिजा साकारणारी युन जंग-ही साठच्या दशकातली फार मोठी नटी. सोळा वर्षांनी ती या चित्रपटासाठी पडद्यावर परतली. तिचं खरं नावही मिजाच. पुढे २०१९ साली तिच्या घरच्यांनी सांगितलं की तिला अल्झायमर झाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये ती गेली. हे कळल्यावर मी चित्रपट पुन्हा लावला, पण डॉक्टरचा प्रसंग मला पाहवला नाही.

आत्याही शेवटची चार वर्षं कोणाला ओळखत नव्हती. ती गेल्यावर कपाटात ती रेघांची वही सापडली. सुरुवातीला कविता होत्या. काही साध्या, दोनतीन खरोखर चांगल्या. पुढे कविता संपल्या आणि नुसते शब्द सुरू झाले, एका ओळीत एक. विळी. रगडा. करवंटी. सोलं. आबोली. घरात तिला वही घेऊन बसलेली बघून आम्हांला वाटायचं, बाजाराची यादी करते आहे. ती जाणारी नामं धरून ठेवत होती.

शेवटच्या पानांवर अक्षर फार वाकडं झालं आहे. तिथे आम्हां भाचरांची नावं आहेत. माझं नाव तिने दोनदा लिहिलं आहे.