रखवालदाराचा पसारा

रखवालदार ठेवला की त्याची खाट, त्याचे कांबळे आणि त्याची काठी यांनाही ओसरीवर जागा द्यावी लागते. दिवाळीच्या तोंडावर आमच्या वारूळवाडीच्या घरातला संगणक जागा उरली नाही म्हणून कुरकुरू लागला, तेव्हा मला हे नव्याने कळले. मी पान लिहावे, आणि त्याने ते ठेवून घेण्यास साफ नकार द्यावा!

चिरंजीवांनी हिशेब काढला. विषाणू पकडावयास ठेवलेल्या आज्ञावलीनेच १४ जीबी अडवले होते. रोज येणारी नव्या विषाणूंच्या ओळखीची टिपणे, त्यांच्या जुन्या प्रती, तपासणीच्या नोंदी, मागच्या आवृत्तीची बांधाबांध. गृहस्थाने काही म्हणून टाकले नव्हते.

या रोगाचा इतिहास मौजेचा आहे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू तयार केला. पुढे त्यावर उतारे निघाले. त्यांतले 'क्विक हील' पुण्याचे, आणि तेही दोघा भावांचेच. थोरले कैलास काटकर मॅट्रिकपुढे न जाता कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे संजय संगणक शिकले, आणि नव्वदीच्या दशकात त्यांनी औषध रचले. मॅट्रिक माणसाचे कौतुक मी जरा मोठ्याने सांगतो, कारण मीही तेवढाच! आमचा रखवालदार मात्र दुसऱ्या गावचा.

"बाबा, सगळे फोल्डरच उडवून टाकतो," चिरंजीव म्हणाले. ते उडेना. चोराने आधी रखवालदारालाच बांधू नये, म्हणून तो स्वतःच्या सामानाला कोणास हात लावू देत नाही. त्याच्याच सेटिंगमध्ये शिरून त्याच्याकडूनच आवरून घ्यावे लागते. जुन्या नोंदी आणि प्रती मुकाट्याने गेल्या. राहिली ती विलगीकरणाची कोठडी.

हा शब्द २०२० पासून आमच्या पोरासोरांनाही पाठ आहे. कोठडीतली फाइल मेलेली नसते. नुसती कोंडलेली असते. म्हणून रिकामी करण्याआधी यादी वाचावी, असे मी म्हटले. एकेक नाव वाचता वाचता थबकलो. आमच्या शाळेतल्या एका दिवंगत गुरुजींनी स्वतः रचून दिलेली मराठी टंकनाची आज्ञावली तेथे होती. कळ आणि पडदा यांच्यामध्ये बसून ती अक्षर बदली. अक्षरे चोरणारा विषाणूही नेमका तेथेच बसतो. रखवालदाराला संशय आला, यात नवल नाही. पण तिच्यावाचून माझ्या अपुऱ्या कादंबरीची सात प्रकरणे चार वर्षे नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन पडली होती!

नव्या टिपणांनिशी तिची पुन्हा तपासणी केली. निर्दोष ठरली, तेव्हाच बाहेर काढली. बाकीची कोठडी धुऊन टाकली. ११ जीबी मोकळे झाले, पण तिकडे कोणाचे लक्ष होते?

प्रकरणे उघडली. सगळी वेलांटी-उकारांसह धड. सातव्याच्या शेवटी गुरुजींनी लाल अक्षरांत लिहून ठेवले होते : "म्हातारीला एवढ्यात मारू नका. तिला अजून पुष्कळ बोलायचे आहे."

म्हातारी अजून जिवंत आहे. काल रात्री आठवे प्रकरण सुरू केले.