निष्फळ चढाईचा हिशेब

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत माझे बालपण गेले. वडील केंद्रातल्या पाणी-शुद्धीकरण विभागात होते. बाष्पकात जाणारे पाणी क्षारमुक्त नसेल तर नळ्या खराब होतात, आणि नळी फुटली की २१० मेगावॉटचा संच बंद पडतो. पाणी नीट असेल त्या दिवशी मात्र कोणी पाण्याचे नाव काढत नाही. वीज किती झाली याचा आकडा सर्वांच्या तोंडी असे. पाण्याचा आकडा विभागाच्या नोंदवहीतच राही. वडिलांनी याची तक्रार कधी केली नाही, आणि मीही त्यावर कधी विचार केला नाही. तो विचार करायला मला एका कबड्डीच्या वहीने भाग पाडले. त्या वहीविषयी लिहायचे आहे, आणि ते थोडे कबुलीजबाबासारखे होणार आहे.

आमच्या पोरांचा एक संघ होता. संघ म्हणजे काय, तर सात-आठ खेळणारे, दोन बदली आणि एक मी. मला खेळता येत नसे. दम पुरत नसे आणि अंगात वजनही नव्हते. म्हणून गुण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी मराठी घेऊन बी.ए. करीत होतो, अक्षर बरे होते आणि नोंदी ठेवण्याचा नाद होता. कोणी कितव्या मिनिटाला चढाई केली, कोणी कोणाला धरले, कोणाच्या हातून सुटला, हे सारे मी शंभर पानी वहीत लिहून ठेवी. १९८८ च्या हिवाळ्यात आम्ही आसपासच्या तीन स्पर्धांतून पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. चढाया बऱ्या होत होत्या. बचाव गळत होता. तेव्हा संघाचे काम पाहणारे एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "तुझ्या वहीत सगळं आहे ना? मग तूच सांग, कोणाला बदलायचं?"

वयाच्या विसाव्या वर्षी असा प्रश्न विचारला जाणे ही मोठी मेजवानी असते. मी दोन रात्री बसून बचावाचे कोष्टक केले.

कबड्डीचा बचाव ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दोन्ही टोकांना कोपरारक्षक असतात. चढाई करणारा निदान रेषा ओलांडून आत आला, वळला, की मागून त्याचा घोटा किंवा मांडी धरायची, हे त्यांचे काम. त्यांच्या आतल्या अंगाला जे उभे असतात त्यांना मध्यरक्षक म्हणतात. मैदानावर सारे 'कव्हर'च म्हणतात. कव्हरचे काम दुहेरी. कोपऱ्याने पाय धरला की क्षणात धडक मारून चढाईपटूचा परतीचा रस्ता तोडायचा, हे एक. आणि त्याआधी, नुसते पाऊल पुढेमागे करून त्याला नको त्या बाजूला वळायला लावायचे, हे दुसरे. पहिले काम दिसते. दुसरे दिसत नाही. कारण दुसरे काम उत्तम झाले तर काहीच घडत नाही. चढाईपटू येतो, अंदाज घेतो, आत शिरायला जागा नाही असे पाहतो आणि हात हलवीत परत जातो. गुणलेखकाच्या वहीत त्या चढाईसमोर शून्य पडते, आणि ते शून्य कोणाच्याच नावावर पडत नाही.

आमच्या डाव्या कव्हरला आम्ही सारे दादा म्हणत असू. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. कोळसा हाताळणीच्या कामावर ठेकेदाराकडे रोजंदारीने जाई. संध्याकाळी मैदानावर येई तेव्हा कानाच्या पाळ्यांमागे काळी रेघ राहिलेली असे. माझ्या कोष्टकात त्याच्या नावावर पकडी सर्वांत कमी होत्या, आणि फसलेल्या धडका डोळ्यांत भराव्यात इतक्या. डावा कोपरारक्षक मात्र कोष्टकात चमकत होता. मी निष्कर्ष लिहिला: डावे कव्हर कच्चे आहे, तेथे ताकदीचा मुलगा हवा. खाली एक रेघ ओढली. ती रेघ ओढताना मला झालेला आनंद अजून आठवतो.

दादाला बसवले. त्याच्या जागी आला तो मुलगा खरोखरच दणकट होता आणि त्याने पहिल्याच सामन्यात दोन जोरदार धडका मारल्या. टाळ्या पडल्या. पण तो घाई करी. चढाईपटू अजून तोंड समोर करून उभा असतानाच हा झेप घेई, आणि त्या झेपेने जी फट पडे तिच्यातून समोरचा माणूस दोघांना शिवून निघून जाई. कोपऱ्यातला आमचा चमकणारा खेळाडू दोन सामन्यांत विझला, कारण चढाईपटू आता त्याच्याकडे पाठ करीतच नव्हता. तोवर त्याच्याकडे पाठ करायला त्यांना भाग कोण पाडत होते, हे वहीत नव्हते. त्या सामन्यात आमच्यावर तीन लोण चढले. दादा माझ्या शेजारी बाकावर बसून होता. तो एवढेच म्हणाला, "त्याला सांग, आधी त्याला वळू दे."

इथवर ही एक चुकलेल्या निवडीची साधी गोष्ट आहे. पण त्याच महिन्यात जिल्ह्याच्या संघासाठी खेळाडू पाहायला माणसे येत होती. पोलीस, रेल्वे, बँका कबड्डीपटूंना नोकऱ्या देतात, हे त्या काळी रोजंदारीवरच्या प्रत्येक खेळणाऱ्या मुलाला ठाऊक असे. दादालाही होते. बाकावर बसलेल्याला कोणी पाहत नाही. तो खेळला असता तर निवडला गेला असता, असे मी म्हणणार नाही. ते सांगण्याचा अधिकार मला नाही. दार उघडणार होते की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्याच्यासमोरून ते मी लावून घेतले. कमी पकडींच्या पुराव्यावर.

पुढे ती वही मी पुन्हा वाचली; खरे तर तेव्हाच कुठे वाचायला शिकलो. दादा मैदानात असताना शून्यावर परतलेल्या चढाया आणि तो नसतानाच्या, अशी विभागणी केली. पानेच्या पाने शून्यांनी भरलेली होती, आणि ती दादा असतानाची होती. माहिती तीच होती, माझ्याच अक्षरातली. फक्त मी ती माणसांच्या नावाने लावली होती, जोड्यांच्या नावाने नाही. कव्हर आणि त्याच बाजूचा कोपरा यांना वेगवेगळे मोजता येत नाही.

म्हणूनच पुणेरी पलटणच्या अलीकडच्या वर्षांकडे मी थोड्या वेगळ्या कुतूहलाने पाहत आलो. २०२२ च्या लिलावात त्यांनी इराणच्या फजल अत्राचलीला १.३८ कोटींना घेतले आणि संघ त्या डिसेंबरात मुंबईत अंतिम फेरीपर्यंत गेला. जयपूरने ३३-२९ असे हरवले. पुढच्या वर्षी त्यांनी फजलला सोडून त्याच देशाच्या मोहम्मदरेझा शादलूला २.३५ कोटींना आणले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती या बदलाची. मला लक्षणीय वाटले ते न बदललेले: अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत ही कव्हरची जोडी तशीच ठेवली होती. पाडून बांधायचे तर आधी कुठली भिंत भार वाहते ते पाहावे, एवढे शहाणपण त्यात होते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. आजच्या कबड्डीत एवढा आटोपशीर गुणफलक म्हणजे दोन्हीकडच्या बचावाचे श्रेय असते.

तो सामना मी एकलहऱ्यात दादाच्या घरी बसून पाहिला. संघात नाशिकचा आकाश शिंदेही होता, त्यामुळे खोलीत पोरांची गर्दी होती. पोरे चढाईपटूकडे पाहत होती. दादा एकदाही त्याच्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर कव्हरच्या पावलांवर. या स्पर्धेत लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची होते, गुण न मिळवता परतलेला बाद होतो. मी म्हणालो, "दादा, बघ, आता शून्यालाही किंमत आली." तो हसला. म्हणाला, "आम्ही तीस वर्षं लवकर जन्मलो."

सारे इतके सरळ नाही, हेही सांगायला हवे. पुढच्या हंगामात पुण्याने शादलूला सोडले, २.०७ कोटींना तो हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच हरियाणा विजेता झाला. पुण्याचा कर्णधार जायबंदी झाला होता आणि संघ बाद फेरीतही पोचला नाही. २०२५ मध्ये पुणे पुन्हा अंतिम फेरीत गेले आणि दिल्लीकडून ३१-२८ असे हरले. दिल्लीच्या बचावात फजल होता. तेव्हा 'दिसणारा तो खोटा, न दिसणारा तो खरा' असा सोपा धडा काढून मी माझी जुनी चूक उलट्या बाजूने करू नये.

आपल्या क्षेत्रातही हा हिशेब चालू असतो. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी अध्यापकांच्या कामाला गुणांक लावले. शोधनिबंध किती, चर्चासत्रे किती. त्यानंतर एका समितीवर बसून मी सहकाऱ्यांची कोष्टके तपासली आहेत. ज्यांच्या वर्गातून मुले वाचायला लागून बाहेर पडत अशा एका बाईंच्या नावासमोर फारसे काही लिहिलेले नव्हते. साहित्याच्या इतिहासाचे तेच. 'सत्यकथा'च्या श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर जी मेहनत घेतली ती त्या लेखकांच्या नावावर जमा आहे, आणि तशीच असावी, असे कदाचित त्या दोघांनाही वाटले असेल. पण मूल्यमापन करणाऱ्याने ते विसरून कसे चालेल?

सामना संपला, पोरे गेली. तेव्हा मी इतक्या वर्षांनी तो विषय काढला. कोष्टकाचे, रेघेचे सांगितले. दादाला ते ठाऊक होते. वसाहतीत काय लपते? तो बराच वेळ रिमोटशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, "तू लिहिलंस ते खोटं नव्हतं रे. पकडी नव्हत्याच माझ्या." रागावला असता तर सोसले असते.

निघताना त्याने विचारले, "ती वही आहे का अजून? एकदा घेऊन ये. शून्यं बघायचीत मला."

वही माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. अजून नेलेली नाही.